तुझ्या पानावरची कुकी

आये, यंदा तुझ्या पानावर मी बोंबील वाढले नाहीत. सर्वपित्रीला केळीच्या पानावर भात वाढला, वडे वाढले, लाल भोपळ्याची भाजी वाढली, आणि जिथे दरवर्षी तुझे भाजलेले सुके बोंबील असतात तिथे ओट्सची एक कुकी ठेवली. कुकी म्हणजे काय ते तुला कुठलं ठाऊक असणार. बिस्कीटच, पण मऊ, दाताला धरून राहणारं. आपल्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचंच वाढतात. बाबाच्या पानावर तू त्याची विडीसुद्धा ठेवायचीस आणि कुणी हसलं की त्याच्या अंगावर जायचीस. आणि तुझ्या पानावर गोड बिस्कीट! तुला तर चहातली साखरही जास्त झालेली खपत नसे. लाज वाटते गं. इतके दिवस झाले तरी वाटतेच आहे.

झालं असं, की ह्यांचा फुग्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा लेकीने मोबाईलवर बघून मला हे करायला शिकवलं. ओट्स, थोडी कणीक, लोणी, गूळ, बेदाणे, आणि आपले डहाणूचे चिकू वाळवून बारीक चिरलेले. पहिल्या खेपेला नुसते दगड झाले. लेक म्हणाली, अगं आई, मधोमध कच्चं दिसतं तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा, मग ते आपल्याच गरमीने बसतं. माझा विश्वास बसेना. कच्चं कसं काढायचं? ते जमेपर्यंत घरात सगळ्यांनी दगडच खाल्ले. चिकू मात्र पहिल्या दिवसापासून जमले. गच्चीवर जाळीखाली चकत्या पसरते, उलटते, आणि ऊन कललं की तुझा आवाज कानात येतो: दव पडायच्या आत उचल गो, नाहीतर सगळं वाया. किनाऱ्यावर बोंबील उचलताना मला किती कंटाळा यायचा, आठवतं का तुला?

लोकांना आवडायला लागलं, आये. समोरच्या सोसायटीतली एक बेन तर डबेच्या डबे नेऊ लागली, तिच्या नातेवाइकांना, देवळात, कुठे कुठे. एकदा दारात उभं राहून तिने सहज विचारलं, घरात मच्छी तर नाही ना बनत? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ना बेन, ना. विचार करायलासुद्धा थांबले नाही मी. तेव्हापासून घरात मावरं शिजलेलं नाही. ह्यांना खावंसं वाटलं की हे भावाकडे जाऊन जेवतात. अमावास्येच्या आदल्या दिवशी मावशीने तुझ्यासाठी म्हणून निवडून बोंबील पाठवले, तर ते मी स्कूटरच्या डिकीत टाकून ठेवले, पार्किंगमध्ये. घरात आणले असते तर बटरला वास लागला असता. असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पान बघितलं, एवढंच विचारलं, "आईंना बोंबील नको?" मी डबे पुसायला घेतले. बेन दुपारी डबे न्यायला येणार होती, आणि तव्यावर बोंबील पडला की सगळ्या जिन्याला कळतं.

पान गच्चीवर न्यायच्या आतच ती आली. ओट्यावर पान बघून थबकली. भाताच्या बाजूची कुकी बघून तिचे डोळेच भरून आले.

"तमारी बाने आ बहु भावतुं?"

तुझ्या आईला हे फार आवडायचं का, असं विचारत होती. मी हो म्हटलं. तेवढ्यावर थांबायचं होतं, पण जीभ थांबली नाही. म्हटलं, आईनेच शिकवलं. तिने तुझ्या पानाला हात जोडले, आये. मनापासून जोडले. मी बाजूला पदराला हात पुसत उभी. वाटलं, ही ज्या बाईच्या पाया पडतेय ती कोण? ती काही तू नव्हेस. तू टोपली घेऊन उधव्याच्या बाजाराला जायचीस. एसटीत वास येतो म्हणून कंडक्टर मागच्या सीटवर बसवायचा, लोक नाकाला रुमाल लावायचे, आणि तू सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "मावरं आहे, फुलं नाहीत." मी तुझ्या मांडीला चिकटून बसलेली असायचे, आणि मला तेव्हा कधी लाज वाटली नाही. खरंच नाही. ती आता, पिकल्या केसांनी, स्वतःच्या घरात वाटायला लागली.

लेक म्हणते, सांगून टाक तिला, नाही घेतले डबे तर नाही घेतले. बरोबरच बोलते. मीही मनाशी पक्कं केलं होतं, की आज हे लिहून झालं की खिडक्या सताड उघडून बोंबील भाजायचे, काय व्हायचं ते होऊ दे. पण मघाशी मध्येच फोन वाजला. बेनच होती. दिवाळीचे सगळे डबे माझ्याकडूनच घेणार म्हणाली, आणि डब्यावर ‘बाच्या हातची चव’, म्हणजे आईच्या हातची, असं छापून घे म्हणाली. आये, मी थँक्यू बेन म्हटलं, आणि अक्षरं कुठल्या रंगात हवीत ते विचारलं.