शुद्ध पाण्याला फडकं

आई, तुझ्या ओट्यावर पाण्याचं मशीन बसलंय. ओटा अजून तुझाच, असं बाबा म्हणतात, म्हणून कळवतोय. ते निवडताना बायकोचा आणि माझा जीव मेटाकुटीला आला. फ्रीगंजच्या बाजारात एक दुकानदार म्हणे आरओच घ्या. दुसरा म्हणे आरओ पाण्याचं सत्त्वच काढतो. तिसऱ्याने आम्ही नेलेल्या नळाच्या पाण्यात विजेच्या तारा बुडवल्या. पाणी चहासारखं झालं. "भाईसाब, ये पी रहे थे आप!" हा निव्वळ खेळ आहे हे मला ठाऊक होतं; पेपरातल्या माझ्या सदरात त्याची टिंगल मीच केली होती. तरी बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी मशीन घेतलं.

बाबांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "मेलेलं पाणी आहे हे." आणि भर उन्हाळ्यात पाणी जवळजवळ सोडलंच. ओठ सुकले, चालताना तोल जायला लागला. डॉक्टर म्हणाले, "काकासाब, पानी नहीं पिओगे तो भर्ती करना पड़ेगा." बाबा म्हणाले, "कर लो." मला वाटलं, हे आता तुझ्याकडेच यायला निघाले.

तुझा नळ आठवतो. एक दिवसाआड येणारा, आधी खोकणारा, मग गढूळ. तू जुन्या सुती पातळाचं फडकं घडी घालून त्याच्या तोंडाला बांधतेस. मी खेळून येऊन थेट नळाला तोंड लावतो आणि पाठीत धपाटा बसतो. "न गाळता प्यायलास? पोटात बेडूक होतील मेल्या!"

एके सकाळी पाहतो तर बाबांनी तुझ्या ट्रंकेतलं तेच फडकं मशीनच्या तोटीला बांधलेलं. सर्व्हिसवाला हसला, "बाबूजी, फिल्टर का पानी भी कपड़े से छान रहे हो?" बाबा म्हणाले, "मशीन पे भरोसा तेरा, मेरा नहीं," आणि त्याच्यासमोर तांब्याभर पाणी प्यायले. तेव्हापासून पितात. आता गोड लागतं म्हणे.

पण फडकं किती टिकणार? परवा धुताना ते माझ्या हातातच विरलं. बाबा दुपारचे झोपले होते. सुती, पांढरं आणि मऊ असं घरात एकच सापडलं, माझा जुना पायजमा. त्याचा तुकडा उकळून बांधलाय. तुझ्या सोवळ्याचं काय झालं ते विचारू नकोस. उठून ते प्यायले, म्हणाले, "तिच्या हातचं पाणी." मी मान हलवली.

हे पत्र कुठे टाकणार नाहीच. पण तुझी-त्यांची भेट होईल तेव्हा पायजम्याचं तेवढं बोलू नकोस.