हळदीतला फोटो

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमचं एक बोलणं अजून टोचतं. आशागडच्या शाळेत तुम्ही मला हजेरी घ्यायला लावली होती. माझ्या शेजारी बसणारी मुलगी वाडीतले चिकू निवडून उशिरा आली, म्हणून मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. ती समोरच बसलेली. तुम्ही म्हणालात, "हजेरी आधी डोळ्यांनी घ्यायची. वही नंतर." मला तेव्हा तुमचा फार राग आला होता.

आता मी तलासरीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. गरोदर बाईला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर आधी मोबाईलने तिचा चेहरा टिपायचा. आधार कार्डावरच्या फोटोशी जुळला तरच नोंद होते. फोनवर माझा राग नाही, पोरांची वजनं तो माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवतो. पण एकीचा चेहरा काही केल्या जुळेना. सातवा महिना, गालाची हाडं वर आलेली. कार्ड मागितलं तर फोटोत पिवळीजर्द नवरी. फोटो काढणारे पाड्यावर आले ते नेमके हिच्या हळदीच्या दिवशी. लग्न लागेपर्यंत हळद धुवायची नाही, म्हणून ही बसली तशीच.

"ताई, परत हळद लावून बसू का?" ती विचारते. मी खिचडीच्या मसाल्यातली हळद कालवते, तिच्या गालांना फासते. फोन ढिम्म. आम्ही पोट धरून हसलो. तिला तर पोट धरायला दोन्ही हात लागले.

मग मी पाकीट तिच्या पिशवीत घातलं, जुनी वही काढली आणि लिहिलं, 'समोर बसली होती, मी पाहिलं.' खाली सही केली. वरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "नोंद नाही तर वाटप नाही. जाब द्यावा लागेल तुम्हाला." म्हटलं, देईन. नोकरीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या महिन्यातही पाकीट देणार, आणि सोमवारी तिला तलासरीला नेऊन फोटो बदलून घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.

हे पत्र त्याच वहीत ठेवतेय. मागचं पान तुम्ही पाहू शकत नाही, तेच बरं. गेल्या महिन्यातही ती आली होती, टेकडीपलीकडून चालत. फोन नाही म्हणाला आणि मी तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं. तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.