डावा हात, जुनी चादर

३ जून
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! असू दे. कुणाला दाखवायचंय?

४ जून
स्वतःचं नाव लिहिलं. चार वेळा. चौथ्यांदा वाचता आलं.

७ जून
आज हात बरा चालतोय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

अकरा एप्रिल. सकाळी शाळेच्या गणवेशाची बाही बेतत होते. कात्री हातातून पडली. उचलायला वाकले आणि मीच पडले. अर्धांगाचा झटका. पाय परत आला, फरफटत का होईना. जीभ तर कुठे गेलीच नव्हती. उजवा हात मात्र खांद्याला लटकलाय, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. जागा अडवतो, कामाला उठत नाही. मी त्याला पाहुणाच म्हणते.

सव्वीस वर्षं पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान चालवलं. एक मशीन, एक टेबल, रस्त्यावर उघडणारं एक दार. आता दार बंद. ह्यांची थोरली बहीण, वन्सं, मदतीला म्हणून आल्यात, त्या पुढच्या खोलीत कांदे पसरून ठेवतात. माझ्या कापायच्या टेबलावर कांदे!

डाव्या हातचा मळ म्हणतात सोप्या कामाला. म्हणणाऱ्याने एकदा उजवा बांधून बघावं.

१० जून
व्यायामाची बाई म्हणाली, "घरी हाताला काहीतरी चाळा ठेवा ताई. कागदकाम, चिकटकाम. लहान मुलं करतात तसं."

लहान मुलं! अख्ख्या शाळेचे गणवेश शिवलेत मी.

वर तिने एक चिठ्ठी दिली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी वर्ग असतो. 'सोपी हस्तकला. नवशिक्यांसाठी. घरातल्याच वस्तू आणा, विकत काही घ्यायचं नाही.'

नवशिके. हं.

११ जून
वन्संनी जेवताना विषय काढला. मोबाइल दुरुस्त करणारा एकजण जागा शोधतोय म्हणे. पुढची खोली नुसती पडून आहे, भाडं तरी येईल.

मी म्हटलं, "पडून नाहीये. माझी आहे."

"अगं, पण आता तू शिवणार कशी?"

ह्यांच्याकडे बघितलं. हे बसडेपोत कारकून, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतात, घरी कशावरच बोलत नाहीत. ताटात बघत म्हणाले, "बघू."

जाणार आहे मी त्या वर्गाला. मुद्दाम!

१३ जून, गुरुवार
गेले. एकटी. पाय ओढत. वाटेत दोनदा बसले, एकदा एका बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा कुणाच्या तरी स्कूटरवर. मालक आला. काही बोलला नाही बिचारा.

वर्गात सात जणी आणि एक निवृत्त पोस्टमन. शिकवणारी माझ्या लेकीपेक्षाही लहान. केसात पेन्सिल खोचलेली, आवाज एवढुसा. मी शिंपीण आहे हे सांगितलं नाही. कशाला? हसं करून घ्यायला?

आज वर्तमानपत्राच्या पिशव्या. पीठ शिजवून केलेली खळ, दोन घड्या, तळ दुमडायचा, झालं. पोरींनी पाच-पाच केल्या. मी एक. कागद सरकू नये म्हणून पाहुण्याला उचलून कागदावर ठेवला. वजन म्हणून! पहिल्यांदाच त्याने काहीतरी काम केलं.

शिकवणारी म्हणाली, "छान! पहिल्यांदाच करताय ना, म्हणून तळ तिरका आलाय."

ओठ चावला. माझा तळ तिरका!

१४ जून
वन्संनी ती पिशवी कचऱ्यासाठी वापरली. काढून घेतली. पुसली. खिडकीत ठेवली.

१७ जून
कात्रीशी भांडण.

डाव्या हातात धरली की कापड कापतच नाही, पात्यांच्या मध्ये दुमडून बसतं. कारण मला माहीत आहे. कात्री उजव्या हातासाठी बनवलेली, डाव्या अंगठ्याचा दाब उलटा पडतो, पाती एकमेकींपासून लांब जातात. कारण माहीत असून काय उपयोग? अर्धा तास झटले. जुन्या चादरीला एवढीशी चीर पडली. रागाने कात्री टेबलावर आपटली, तर दोन कांदे घरंगळत दारापर्यंत गेले.

वन्सं आतून ओरडल्या, "अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस!"

"माझा जीव आहे, वन्सं!"

नंतर वाईट वाटलं. थोडंसं.

१८ जून
ती एवढीशी चीर! मी मूर्ख! सव्वीस वर्षं कापड हाताळलं आणि हे सुचायला एक रात्र जावी लागली. सुती कापड कापायचं कशाला, फाडायचं! चीर एकदा पडली की ते आपल्या धाग्यावरून सरळ फाटत जातं, रेघ मारल्यासारखं. एक टोक गुडघ्याखाली दाबलं, दुसरं डाव्या हातात, आणि ओढलं — टर्रर्र!

काय आवाज होता तो. अकरा एप्रिलपासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

अख्खी चादर फाडली. वन्सं दारात येऊन बघत होत्या. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

२० जून, गुरुवार
वर्गात पट्ट्या घेऊन गेले. आज बाकीच्यांचं बाटलीला सुतळी गुंडाळणं चाललं होतं. मी म्हटलं, मी वेणी घालते, पायपुसणं करणार. शिकवणारी म्हणाली, ते जरा पुढचं आहे, नवशिक्यांना नाही जमत. म्हटलं, बघू या की.

तीन पट्ट्यांची टोकं टेबलाच्या पायाला बांधली. एका हाताने वेणी घालायची म्हणजे एक पट्टी दातात धरायची, एक खाली सोडायची, एक हातात. पोस्टमन म्हणाले, "ताई, मी धरू का?"

"नको."

दहा मिनिटांनी म्हटलं, "धरा."

त्यांची बोटं जाड, पण पकड घट्ट. वेणी घालता घालता सांगत होते, बायको गेल्यावर घरात तोंड उघडायला कुणी नाही, म्हणून इथे येतात. सुतळीशी त्यांना काही देणंघेणं नाही. मी काही बोलले नाही, पट्टी दातात होती. बरंच झालं.

२४ जून
सुईत दोरा ओवला!! साबणाच्या वडीत सुई उभी खोचायची, मग एकच हात पुरतो. सतरा वेळा चुकला. अठराव्यांदा गेला आरपार.

हे कामावरून आल्यावर दाखवलं. म्हणाले, "अरे वा." आणि बातम्या लावल्या.

२७ जून, गुरुवार
वेणी गोल गोल गुंडाळून टाके घालत आणलं होतं. चार दिवसांचं काम. वर्गात टेबलावर ठेवलं, तर ते सपाट बसेना. कडा वर उचललेल्या. टाके घट्ट ओढले गेलेत, कारण डाव्या हाताला अजून जोराचा अंदाज नाही. ही चूक माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीने केली असती, तर मी सगळं उसवायला लावलं असतं.

शिकवणारी म्हणाली, "अय्या, टोपली! किती सुंदर!"

"टोपली नाही. चुकलेलं पायपुसणं आहे."

पोस्टमननी ती उचलली आणि डोक्यावर घातली. अगदी बरोबर बसली! सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हसता हसता रडायला कधी लागले ते कळलंच नाही. सगळ्यांसमोर! आणि सांगून टाकलं सगळं. दुकान, मशीन, सव्वीस वर्षं.

शिकवणारीने केसातली पेन्सिल काढली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, मला शिवण येत नाही. एवढ्या दिवसांत कुणी शिकवलंच नाही. फाडून सरळ पट्टी कशी काढायची, ते सगळ्यांना दाखवाल?"

दाखवलं. आठ जणांनी एकदम फाडलं. टर्रर्र! वाचनालयाचे साहेब धावत आले, छत पडलं की काय ते बघायला.

३० जून
टोपलीत वन्संनी कांदे ठेवले. म्हणाल्या, "चांगली आहे गं, हवा खेळती राहते." कौतुक की टोमणा, कळत नाही या बाईचं.

पण लगेच पुन्हा तेच. मोबाइलवाला विचारत होता, जुलैअखेर खोली मिळेल का. मशीन आत पलंगाखाली ठेवता येईल म्हणे.

म्हटलं, "आधी मला पलंगाखाली ठेवा."

वन्सं हिरमुसल्या. "तुझ्या भल्याचंच बोलते गं मी. तुला काय हवंय, माहितीय मला."

काय माहितीय यांना? घर माझं, हात माझा, आणि ठरवणार या!

४ जुलै, गुरुवार
वाईट बातमी. वाचनालयाची मागची खोली दुरुस्तीला काढली. तीन महिने वर्ग बंद. शिकवणारीचं तोंड एवढंसं झालं. पोस्टमन टोपी हातात फिरवत बसले. पुढच्या गुरुवारी ते काय करणार, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे या."

विचार केला नाही. कुणाला विचारलं नाही. पत्ता सांगितला आणि उठले.

५ जुलै
घरात सांगितलं.

वन्सं: "नऊ माणसं? कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारायचं?"

हे म्हणाले, "अगं, निदान आमच्याशी बोलायचंस तरी." आवाज चढला नव्हता ह्यांचा, पण बनियनची बाही सारखी ओढत होते. हे घाबरले की बाही ओढतात. कशाला घाबरले, कोण जाणे. नऊ नवशिके आणि एक खळीचं भांडं!

वन्संनी मला एकटीला गाठून विचारलं, "तुला खरंच हवीय ती खोली?"

हा काय प्रश्न झाला! कांदे उचलून स्वयंपाकघरात नेले. चार फेऱ्या, एका हाताने.

११ जुलै, गुरुवार
आले! सगळे! रस्त्यावरचं दार उघडलं. बिजागरी कुरकुरली, पोस्टमननी तेल घातलं.

आज जुन्या शर्टांच्या पिशव्या. शिकवणारी म्हणाली, "आज मी शिकणार, मावशी शिकवतील." बाह्या उसवायच्या, खालचं टोक शिवून टाकायचं, गळा मोठा कापायचा, खांद्यांचे बंद तयार. घरात जुना शर्ट कुणाकडे नसतो? सुई-दोरा आणि कात्री सोडून काही लागत नाही. मी कापायच्या टेबलावर खडूने आकृती काढली. रेघ वाकडी आली. म्हटलं, "ही रेघ सरळ आहे असं समजा." एक जण म्हणाली, "समजलो!"

दोन जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरून जाता जाता डोकावली. त्यातली एक आत येऊन बसली, ती शेवटपर्यंत.

वन्संनी दहा कप चहा केला. न सांगता.

१२ जुलै
अंग ठणकतंय. काय छान ठणकतंय!

१८ जुलै, गुरुवार
वर्ग भरलेला, अकरा जण, जमिनीवर चिंध्यांचा ढीग. दारात एक तरुण माणूस. हातात मोजपट्टी. कुणाशी न बोलता भिंत मोजायला लागला!

"कोण हो तुम्ही?"

"मोबाइलचं दुकान टाकतोय ना इथे. काउंटर किती बसतो ते बघतोय."

पोस्टमन उभे राहिले. मी म्हटलं, बसा तुम्ही, हे माझं काम आहे. उठले, दोन पट्ट्यांवरून पाय ओढत त्याच्यापर्यंत गेले आणि मोजपट्टीचं दुसरं टोक डाव्या हाताने धरलं. "मोजा. सगळी खोली मोजा. किती मोठी आहे ते मलाही कळू दे, पुढच्या आठवड्यात माणसं वाढतायत. पण काउंटर बसणार नाही. आज नाही, कधीच नाही."

तो गोंधळला. "पण माझं बोलणं झालंय..."

"माझ्याशी?"

"नाही."

"मग झालेलं नाही."

गेला. मागून टाळ्या पडल्या. मला आवडल्या, खोटं कशाला बोलू? वन्सं आतल्या दारात उभ्या होत्या, पदराने हात पुसत. मनात म्हटलं, धाडलात तुम्हीच. उद्या बोलतेच तुमच्याशी. काय व्हायचं ते होऊ दे.

१९ जुलै
मोबाइलवाला सकाळी माफी मागायला आला. भला आहे पोरगा. म्हणाला, "ताई, मला काय माहीत! तुमच्या साहेबांनीच डेपोत बोलावून जागा देतो म्हणून शब्द दिला होता. फेब्रुवारीत."

फेब्रुवारी. मी पडले एप्रिलात.

वन्संना विचारलं. त्या मटकन खाली बसल्या. "मला तर माझा भाऊच म्हणाला, तीच शिवणाला कंटाळलीय, बोलायला लाजते, तू तिच्या वतीने विषय काढ. मला वाटलं, मी तुझंच काम करतेय गं."

हे कामावर गेलेत. सहाला येतील.

रस्त्यावरच्या दारावर पाटी लावली. 'सोपी हस्तकला. दर गुरुवारी. नवशिक्यांसाठी.' पाटी वन्संनी धरली, खिळा मी ठोकला.