ताईचा खुबा

सोलो (जावा), ३ मार्च १९९४

चि. कास्मीस ताईचे आशीर्वाद,

उत्तराला उशीर झाला. आईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, मग काढ्याच्या बाटल्यांची टोपली पाठीला बांधून गल्लोगल्ली विकत फिरायचं. संध्याकाळी हातात पेन धरवत नाही.

विहिरीपाशी मुरगळलेला उजवा घोटा केव्हाच बरा झाला. आता डावा खुबा ठणकतो. आई पडल्यापडल्या चिडवते, बदकासारखी काय चालतेस गं म्हणून. वय झालं, दुसरं काय!

तुझ्या यजमानांना, सुरोतोरावांना, विचारल्याचं सांग. तुम्हा दोघांची माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी वार्तिनीताई

सेमारांग, ११ मार्च

ती. ताईस नमस्कार, आणि थोडा रागसुद्धा.

वय म्हणे! पन्नाशी तरी गाठलीस का? तुझ्या शेजारच्या रुक्मिनीबाई इथे आल्या होत्या. तू भर बाजारात पडलीस, बाटल्या फुटल्या, हे त्यांच्याकडून कळायचं होय मला? मुकाट्याने दवाखान्यात जा. नाही गेलीस तर तुझ्या दारात येऊन बसेन. मग घाल जेवायला!

रागावले तरी तुझीच,
कास्मी

सोलो, २५ मार्च

चि. कास्मी, आशीर्वाद.

जाऊन आले. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला अनवाणी चालवलं. दुखतो खुबा, आणि ही बघते उजवं पाऊल! म्हणाली, मावशी, घोटा बरा झालाय, पण तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. पाय टेकवला न टेकवला की उचलता, सगळा भार डावीकडे. खुबा आणि कंबर किती सोसणार? अशाच चाललात तर डावाही जाईल. आधी टाच टेकवायची, भार हळूहळू बोटांपर्यंत न्यायचा, दोन्ही पायांना सारखा. आणि काही आठवडे ओझं उचलायचं नाही.

हे ऐकून मला हसूच आलं. टोपली ठेवीन गं खाली. आईला कुणी उचलायचं?

लिहू नये ते लिहिलं. दमलेय मी, कास्मी.

ताई

सेमारांग, ३० मार्च

ती. ताईस नमस्कार.

रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतोय. इथे आमच्याकडे आईची खाट खिडकीपाशी लावलीय. ती कुरकुर करेल, तू रडशील. दोन्ही ऐकून घेईन, पण आईला घेऊनच परतेन.

कास्मी

सोलो, १९ एप्रिल

चि. कास्मीस ताईचे अनेक आशीर्वाद,

आई तुझ्या भाताला नावं ठेवतेय हे वाचून बरं वाटलं, म्हणजे रुळली. माझ्या भातालाही ठेवायचीच.

खुबा अजून दुखतो, सकाळी जास्त. उजव्या पायावर भार टाकताना जीव घाबरतो. तरी रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाते, टाच आधी टेकवत. काल रुक्मिनीबाईंनी दारातून हटकलं, टोपली नाही, पिशवी नाही, कुठे निघालीस गं? म्हटलं, कुठे नाही, नुसती चालतेय.

आईच्या पायांना माझा नमस्कार. तुझी माया अशीच लाभो.

तुझी
वार्तिनीताई