टिटवीकडे केलेली चौकशी

जळगाव,
रविवार, ता. २ एप्रिल १९३३

रा. रा. अभिमन निंबा देवरे यांस,

चुडामण झुलाल बोरसे याचा नमस्कार. वरचं तुमचं नाव लिहायला मला पाव तास लागला. अकरा वर्षं ज्याला 'टिटवी' म्हणून हाक मारली, त्याच्यापुढे एकदम रा. रा. लावणं म्हणजे घरच्या मांजराला जरीची टोपी घालण्यासारखं वाटतं. तरी लावलं आहे. इकडे सर्व ठीक. आमच्या तानुबाईचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे.

आधी मेहरूणच्या तलावाची बातमी. पाणी बरंच उतरलं आहे. डॉक्टरांची बदली झाली, म्हणून त्यांनी त्यांची होडी 'बेंडकी' कापडवाल्या हाशमशेठना दिली. आपल्याकडे माणूस जातो, होडी राहते, आणि होडीचा लौकिक नव्या मालकाला चिकटतो, हे तुम्ही जाणताच. पहिल्याच रविवारी काठावरून एक जण ओरडला, "ओ बेंडकी, पोट दुखतंय, गोळी आहे का?" हाशमशेठ तीन रविवार चिडले. चौथ्या रविवारी ओव्याची पुडी खिशात घालून आले.

माझी होडी अजून गळते. तिच्यावर मी 'विजया' असं रंगवून घेतलं होतं, पण पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरताना पाहून तुम्ही 'म्हैस' म्हणालात, आणि तेव्हापासून मी म्हैस. एकदा भरबाजारात तुम्ही विचारलंत, "काय म्हैस, वांगी कशी घेतली?" भाजीवालीने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग वाकून माझ्या मागे पाहिलं. तुमच्या वल्ह्यांच्या कड्या करकरायच्या, म्हणून तुम्ही टिटवी. नवा कोणी आला की 'कुठले, कोणाचे' असं न विचारता 'होडी कोणती' एवढंच विचारायचं, हा आपला रिवाज. मला तो फार मानवला. मी कोर्टातला कारकून. आठवडाभर लोकांचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार लिहून बोटं आखडतात. रविवारी कोणाचं नाव कानावर नको वाटायचं. म्हणून तुमचंही विचारलं नाही. तुम्ही मूळचे धुळ्याचे आणि सरकारी नोकरीत, एवढं ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर आपलं झकास चाललं होतं.

यंदा ऊन फार आहे. आंब्यांना मोहोर बरा आला होता, पण वाऱ्याने झडला. हे सगळं मी का लिहितो आहे, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. मुद्द्यावर यायला जीव कचरतो.

तर दिवाळीत धुळ्याहून पत्र आलं. तुम्ही तेव्हा सणाला गावी गेला होतात, हे आता जुळतं. 'आमचे चिरंजीव रुपचंद यांच्यासाठी आपली कन्या वच्छला हिला मागणी घालतो आहोत', खाली सही अभिमन निंबा देवरे. मुलाकडच्यांनी आपण होऊन विचारावं, ही लहान गोष्ट नव्हे. मी हुरळलो. पण माणूस अनोळखी, चौकशी तर करायला हवी. धुळ्याची माहिती कोणाला? टिटवीला. रविवारी आपल्या होड्या शेजारी आल्या तेव्हा मी विचारलं, "टिटवी, धुळ्याचा अभिमन देवरे माणूस कसा आहे हो?"

तुम्ही वल्हं थांबवलंत, माझ्याकडे पाहून मिश्कील हसलात आणि म्हणालात, "तो? एक नंबरचा आळशी. बायको खेकसल्याशिवाय उठत नाही. आज शब्द देतो, परवा विसरतो. त्याच्या नादी लागू नका."

मी गंभीरपणे मान हलवली. तुम्हाला वाटलं, सगळं कळून मी तुमची गंमत करतो आहे. मला वाटलं, देवाने वेळेवर सावध केलं. तेव्हाच हसून 'तो मीच' एवढं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण दोष तुमच्यावर ढकलण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

घरी आलो आणि कार्ड लिहिलं. 'खात्रीच्या गृहस्थांकडे चौकशी केली असता आपण आळशी, शब्दाचे कच्चे व बायकोच्या धाकातले असल्याचे समजले. सबब सोयरिकीचा विचार नाही.' इथे थांबलो असतो, तर नुसते तुमचेच शब्द तुम्हाला पोचले असते. पण माझ्या पदरची एक ओळ मी खाली जोडली. अशा घरी मुलगी देण्यापेक्षा ती विहिरीत ढकललेली बरी. ती ओळ माझी. टिटवीने असं काही सांगितलेलं नव्हतं.

कार्ड धुळ्याला जाऊन तिथून फिरून तुमच्या हाती आलं असणार. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. मग कळलं, बदली मागून घेतलीत. मला राग आला. अकरा वर्षांची ओळख आणि जाताना एक शब्द नाही. टिटवी माणूसघाणी निघाली, असं मी तलावावर सगळ्यांना सांगत फिरलो. त्याचीही माफी मागायची आहे.

गेल्या सोमवारी रहीम मिस्त्रीने मला बोलावलं. आपल्या होड्या दुरुस्त करणारा माणूस, तुम्हाला काय सांगायचं. म्हणाला, "म्हैससाब, टिटवी मालगाडीवर धुळाले धाडनी शे. तुमनं अक्षर चांगलं शे. फळीवर पत्ता टाकी द्या." मी ऐटीत ब्रश घेतला. तो सांगत गेला, मी रंगवत गेलो. अभिमन. निंबा. देवरेपर्यंत आलो आणि हात थांबला. रंगाचे ओघळ माझ्या धोतरावर आले, तेव्हा रहीमने ब्रश काढून घेतला. 'देवरे' ही अक्षरं वाकडी दिसली तर समजून घ्या.

घरी येऊन तानुबाईला सांगितलं. ती जात्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमना दोस्त शे तो. माले वाटनं तुमनं भांडन व्हयनं व्हई, म्हनीसन पोर दिन्ही नही. बठ्ठा गावले माहीत शे, तुमलेच नही?" तुमच्या कमलबाई आणि ती दर मंगळवारी देवळात भेटत होत्या. रुपचंद केवढा, काय शिकला, त्याला वरणात गूळ लागतो, इथपर्यंत बायकांना ठाऊक. पुरुष मात्र पाण्यावर बसून एकमेकांना जनावरांच्या नावांनी हाका मारत होते.

मग चुलीपासून वच्छलेचा आवाज आला. "आबा, ते कार्ड मीच पेटीत टाकलं. वाचून टाकलं."

पाच महिने पोरगी एक अक्षर बोलली नाही. माझ्या भाजीत मीठ कमी पडायचं, एवढंच. मला वाटायचं, वयामुळे जिभेची चव गेली. अभिमनराव, कोर्टात मी माणसांना रडताना रोज पाहतो. त्या दिवशी कुठे पाहावं ते मला कळेना.

पाचोऱ्याचे लोक आखाजीच्या सणाला तिला पाहायला येणार आहेत. मी त्यांच्यापुढे उभी राहणार नाही, असं तिने आईला सांगितलं आहे. तिला रुपचंदच हवा आहे. हे मी बाप म्हणून लिहितो; तिने सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही उरलेली नाही. मध्ये आडवी आहे ती माझी एक ओळ.

येत्या रविवारी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला येतो. दोन कामं आहेत. मुलीचा बाप म्हणून मागणी घालायची आहे. ती नाकारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. दुसरं काम माफीचं. ती नाकारू नका. तुमच्याशिवाय तलावावर माझं मन लागत नाही. नुसता गोल गोल फिरतो आणि पाणी उपसतो.

हे पत्रही वच्छलाच पेटीत टाकणार आहे. या वेळी ती म्हणाली, "आधी वाचून दाखवा." वाचून दाखवलं. रुपचंदचं दुसरीकडे ठरलं असल्यास उलट टपाली कळवावं, म्हणजे माझी खेप वाचेल, असं एक वाक्य मी लिहिलं होतं. ते तिने मला खोडायला लावलं. म्हणाली, "कळवायला सांगू नका, आबा. तुम्ही जाच."

म्हणून येतो.

तुमचा व्याही होण्याची लायकी स्वतःच्या हाताने घालवलेला,
तरीही तुमच्या दारी येणारा,
चुडामण