धाकट्या भावाच्या दुव्यावरची नोफॉलो खूण

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नगर संकेतस्थळ विभाग,
दुसरा मजला, जुनी इमारत.

विषय : हरवलेल्या भावाच्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यावरची 'नोफॉलो' खूण काढणे, व त्या अनुषंगाने एक ओळ परत मिळणे.

संदर्भ : आपले नकाराचे पत्र, व खिडकीवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

मी पडदे शिवते. माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या हिवाळ्यात हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला, तो परतला नाही. त्याच्या शोधासाठी आम्ही एक पान तयार केले आणि आपल्या संकेतस्थळाच्या 'हरवलेल्या व्यक्ती' या विभागात त्याचा दुवा दिला. त्याचे नाव शोधले की आमचेच पान सर्वांत वर येई. कोणी त्याला पाहिले असेल तर थेट आमच्या दारी येईल, एवढाच आधार होता.

१. त्या विभागात अभिप्रायांची चौकट आहे; आमचा दुवाही तिच्यातच आहे. तिच्यात जाहिरातवाल्यांचा सुळसुळाट झाला, हे मान्य. त्यावर उपाय म्हणून आपण तिथल्या सर्व दुव्यांना 'नोफॉलो' लावलेत. आपल्या तंत्रज्ञांनी मला समजावून सांगितले, की दुवा तसाच राहतो, दाबला की उघडतो, फक्त शोधयंत्राला कळवले जाते की याची शिफारस आम्ही करत नाही. शिफारस नाही म्हणजे वरचा क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणजे जाहिरातवाल्यांना येण्यात राम नाही. उपाय नामी आहे. पण सुक्याबरोबर ओलेही जळाले. आमचा दुवाही त्याच खुणेखाली गेला. आता भावाचे नाव शोधले की आधी केसांच्या तेलाचे दुकान येते, कारण त्या लोकांनी त्याचे नाव उचलून स्वतःच्या पानावर चिकटवले आहे. माझ्या भावाला टक्कल होते, हे मी संतापाने नमूद करते.

२. खूण काढण्याची विनंती केली, तर आपले पत्र आले : 'ज्याचे पान, त्याने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.' साहेब, तो समक्ष येण्यासारखा असता तर मी आपल्या जिन्याच्या पायऱ्या कशाला झिजवल्या असत्या? खिडकीवरच्या बाईंनाही हे पटले. पण नियम आहे म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला पुढे केला.

३. आता आईविषयी, जे मी सांगणार नव्हते. त्या चौकटीत जाहिरातवाले लिहीत, 'खूप दिवसांनी आलो. छान वाटले. खाली दाबा, मी तिथे आहे.' आईला वाटे, तोच लिहितो. ती दाबायची आणि तेलाच्या दुकानात पोहोचायची. खाली उत्तर लिहायची, 'जेवलास का? स्वेटर घालतोस ना?' एकदा तिने तिथून बाटली मागवली आणि त्याच्या कपाटात ठेवली. मी हजारदा सांगितले, अगं, हे यंत्र आहे. पालथ्या घड्यावर पाणी. मग आपली खूण लागली आणि जाहिरातवाले थांबले. आई म्हणते, तूच त्याला काहीतरी टाकून बोललीस, म्हणून लिहायचा बंद झाला. घरात आता आम्ही एकमेकींशी कामापुरते बोलतो.

४. गेल्या मंगळवारी त्या चौकटीत एक नवी ओळ आली. तिच्यात दुवा नव्हता. 'आई, आज लिफ्टने जाऊ नकोस. दोर मी पाहिलाय.' आई त्याच वेळी चपला घालून बाहेर निघाली होती. मी धावत गेले, तिला दंडाला धरून लिफ्टच्या दारातून मागे ओढले आणि जिन्याने नेले. का ओढले, हे मला तिला सांगता आले नाही. संध्याकाळी लिफ्टवाला आला, वर चढून बघून आला, आणि त्याने दाराला कुलूप घातले. विचारले तर म्हणाला, बाई, नशीब समजा.

५. दुसऱ्या दिवशी आईला ती ओळ दाखवायला गेले, तर ओळ नाही. आपल्या साफसफाईत 'संशयास्पद' म्हणून काढली गेली होती. मी तंत्रज्ञांना गाठले. ते म्हणाले, दुवा नाही म्हणजे कोणाचा फायदा नाही, आणि फायद्याशिवाय यंत्र लिहीत नाही. मग कोणी लिहिले, असे विचारले, तर ते म्हणाले, हे मला विचारू नका, ताई. त्या दिवसापासून मी दिवसाउजेडीही शिवणयंत्रावर दाराकडे पाठ करून बसत नाही. मला भीती वाटते, आणि भीती कोणाची वाटते तर ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवले त्याची, याची लाज वाटते.

सबब, माझी पहिली मागणी मी मागे घेते. शिफारस नको. आमचे पान तेलाच्या दुकानाखाली राहिले तरी चालेल. फक्त ती एक ओळ होती तिथे परत लावावी. आई रोज विचारते, मला का गं ओढलंस? 'त्याने सांगितले' हे माझ्या तोंडून तिला खरे वाटणार नाही. ते तिने त्याच्याकडूनच वाचायला हवे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
हरवलेल्याची थोरली बहीण
(सही)
दिनांक : ४ मार्च

सोबत : आपल्या पत्राची प्रत, भावाचा फोटो (टोपीविना).

टीप : छापील नमुन्यात 'संबंधित व्यक्ती हयात / मयत' असा रकाना आहे. तो मी कोरा सोडला आहे. कार्यालयाने तो परस्पर भरू नये.