आंबापोळीचं ऊन

५ मे १९९८, मंगळवार. इंदिरानगर.

पंखा नुसती गरम हवा ढवळतोय. भरलेली बॅग अजून कॉटखालीच. उद्याच्या एसटीने धाकट्या बहिणीकडे, रत्नागिरीला निघणार होतो. परवा फोनवर सुमनच म्हणाली होती, "दादा, इथे आभाळ भरून आलंय, छान गार वाटतं." त्या गारव्यासाठी साहेबापुढे तोंड वेंगाडून रजा मिळवली. आणि आज सकाळी बाईसाहेब आटवलेल्या आमरसाचे डबे घेऊन स्वतःच दारात हजर!

"तिकडे ऊनच नाही रे. आंबापोळीला बुरशी धरतेय. तुझ्याकडे काय, फुकटचं कडकडीत ऊन!"

म्हणजे नाशिकचं ऊन हाही आता माहेरचा आहेर. वा! दुपारभर मी गच्चीवर, डोक्यावर ओला पंचा, हातात काठी, समोर आमरसाची ताटं. कावळेसुद्धा सावलीला गेलेले. मग मी हाकलत कुणाला होतो?

बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, रजा घेतलीच आहे, तर बसा."

संध्याकाळी पश्चिमेला एक ढग दिसला. खरंच दिसला. मी चक्क हात जोडले. मागून सुमन ओरडली, "दादा, त्याला सांग, पोळ्या वाळेपर्यंत इकडे फिरकू नकोस!"

ढग निमूट गेला. त्यानेही तिचंच ऐकलं.

मग ताटं झाकायला पातळ कापड हवं म्हणून तिने माझी बॅगही उघडली. रत्नागिरीच्या गारव्यात घालायचा माझा मलमलचा कुर्ता आता आंबापोळीवर पांघरलाय.